शास्त्र दोन भाषांत

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी नरखेड मागे टाकून पांढुर्ण्यास येते, तेव्हा स्थानकाबाहेरील दुकानांच्या पाट्या हिंदीत दिसू लागतात. त्या पाट्यांखाली उभी असलेली माणसे मात्र मराठीत बोलत असतात. सौंसरची स्थितीही तीच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशावरील रेघा अशा बदलत गेल्या, तरी चुलीजवळची भाषा बदलली नाही. घरात मराठी आणि शाळेत, कचेरीत हिंदी, असा या मुलखाचा नित्यक्रम होऊन बसला आहे.

येथील ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडकी. त्यांच्या उत्तरेस छिंदवाड्याला इव्हँजेलिकल लुथरन चर्चचे मुख्य ठाणे आहे. एकोणिसाव्या शतकात स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांच्या कार्यातून ही मंडळी उभी राहिली, आणि तिचे वळण हिंदीचे. दक्षिणेस नागपूर. तेथे १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले आणि त्यांच्या मागून मराठी ख्रिस्ती परंपरा रुजली. या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या एखाद्या घरात आजीच्या हाती मराठी पवित्र शास्त्र व नातवाच्या हाती हिंदी बायबल असावे, यात नवल काहीच नाही. पुष्कळांना ही अडचण वाटते. प्रार्थनेत एकाने एक शब्द म्हणावा, दुसऱ्याने दुसरा, आणि तिसऱ्याने गोंधळावे, असे घडतेही. परंतु शास्त्राचा अर्थ अधिक खोल जाणून घेण्याची ज्याला इच्छा आहे, त्याच्या दृष्टीने ही अडचण म्हणजे एक ठेवा आहे.

अतिपरिचयाने अवज्ञा होते, हे जुने वचन शास्त्रवाचनालाही लागू पडते. लहानपणापासून कानांवर पडत आलेला शब्द कळला आहे, असे मनाने गृहीत धरलेले असते. वाचक अध्यायामागून अध्याय वाचून काढतो, पण थबकत नाही. आणि जो थबकत नाही, त्याला नवे काही दिसतही नाही. त्याच ओळीत दुसऱ्या भाषेने दुसराच शब्द घातलेला दिसला, की पाऊल आपोआप अडते. असे का, हा प्रश्न मनात उठतो. समज वाढण्याचा आरंभ तेथे होतो.

मराठी शब्द निवडताना भाषांतरकारही असेच अडले होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द त्यांनी नि:शंकपणे वापरला. श्रोत्यांच्या मनात जे होते त्याच्याशी नाते जोडावयाचे, हा त्यांचा विचार. पुढे बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी नवा करार सिद्ध केला. तो १८११ साली निघाला. केरी यांना मराठीच्या कामी साह्य करणारे पंडित वैजनाथ हे नागपूरचे. साहजिकच त्या मराठीला नागपुरी वळण आले, आणि मुंबईच्या बाजूच्या मिशनऱ्यांना ती आपल्या लोकांस समजण्याजोगी वाटेना. पांढुर्ण्याच्या वाचकाने यावर थोडे हसून घ्यावयास हरकत नाही, कारण छापील मराठी शास्त्राच्या आरंभी त्याच्याच बाजूची बोली होती.

पंडिता रमाबाईंनी उलट वाट धरली. त्या संस्कृतात पारंगत होत्या. संस्कृतप्रचुर शब्द गावातील साध्या स्त्रीला कळत नाहीत, आणि कळलेच तर जुन्या धर्मकल्पनांचे ओझे बरोबर घेऊन येतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी मूळावरून सोप्या मराठीत सबंध बायबल आणले. कित्येक वर्षे चाललेले हे काम ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या त्यांच्या मृत्यूच्या थोडेच आधी पुरे झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. स्टीफन्स बरोबर की रमाबाई, असा वाद घालण्यात अर्थ नाही. एका शब्दापायी एवढ्या मोठ्या माणसांनी इतका शीण घेतला, एवढे वाचकाने ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे वळावे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच पहिला भेद आहे. मराठीत जुना करार व नवा करार. हिंदीत पुराना नियम व नया नियम. नियम म्हटले की आजच्या माणसापुढे कायदा उभा राहतो आणि सारे बायबल म्हणजे विधिनिषेधांची एक मोठी यादी आहे, असा ग्रह होतो. करार म्हटले की दोन पक्ष, देणेघेणे आणि सही-अंगठा डोळ्यांपुढे येतो. मूळ हिब्रू शब्द ‘बेरीथ’ हा दोन पक्षांना बांधून टाकणारा शपथपूर्वक संबंध सांगतो. त्या अर्थाला मराठी करार अधिक जवळचा आहे. हिंदी शास्त्रातही मुखपृष्ठ उलटून आत गेले, की त्याच कल्पनेसाठी वाचा असा शब्द भेटतो. वाचा म्हणजे दिलेला शब्द. हिंदीचे हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवले तर नियमाची कठोरताही थोडी निवते.

परंतु करार या शब्दालाही मर्यादा आहे, आणि ती उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात दिसते. त्या काळी करार करताना जनावरे दुभंगून त्यांचे अर्ध समोरासमोर ठेवीत आणि करार करणारे त्यांच्या मधून चालत जात. शब्द मोडला तर आपलीही हीच गती होवो, असा त्याचा भाव. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात या चालीचा स्पष्ट उल्लेख आहे. अब्राहाम, ज्याचे नाव तेव्हा अब्राम होते, सर्व मांडणी करतो. पण ऐन वेळी त्याला गाढ झोप लागते. त्या तुकड्यांमधून जाते ती धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल. ही देवाच्या उपस्थितीची चिन्हे. माणूस त्यातून चालतच नाही. बाजारातील करारात दोघांनाही जबाबदार धरतात. येथे शपथेचा सारा भार देवाने एकट्याने उचलला. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने प्याला हाती घेऊन नव्या कराराचा उच्चार केला, त्यामागे हे दृश्य आहे. ते ठाऊक नसेल तर प्रभुभोजन हा केवळ एक पवित्र रिवाज होऊन राहण्याचा धोका असतो.

याच कुळातील आणखी दोन शब्द संत्र्याच्या मुलखातील माणसाला पटकन उमगतील. बहार आंबियाचा असो की मृगाचा, बगीचा झाडावरच विकला जातो, आणि सौदा ठरला की व्यापारी विसार देतो. पौलाने पवित्र आत्म्याविषयी लिहिताना नेमका हाच बाजारातील शब्द घेतला. ग्रीकमध्ये तो ‘अर्राबोन’. मराठी शास्त्रात विसार, हिंदीत बयाना. विसार घेतला म्हणजे सौदा पक्का. पण पूर्ण रक्कम अजून यावयाची आहे. विश्वासी माणसाच्या आजच्या जीवनात अपुरेपण का असते, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे. दुसरा शब्द वतन. हिंदी शाळेत शिकलेला मुलगा वतन म्हणजे देश असे समजतो. मराठी शास्त्रातील वतन हे पाटील-कुळकर्ण्यांच्या वतनासारखे, पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या हक्काचे. वतनदारी कायद्याने गेली, आणि तिच्याबरोबर त्या शब्दाचा नादही नव्या कानांतून गेला. लेव्यांना जमिनीचा वाटा मिळाला नाही, परमेश्वर हेच त्यांचे वतन, हे अनुवादाच्या १० व्या अध्यायातील विधान किती धाडसाचे आहे, हे जमीन म्हणजे काय ते जाणणाऱ्यालाच कळेल.

सर्वांत अधिक विचार करावा असा शब्द पश्चात्ताप हा होय. येशूच्या उपदेशाचा आरंभच त्या हाकेने होतो. मराठी शास्त्र म्हणते पश्चात्ताप; हिंदी शास्त्र त्या ठिकाणी मन फिराना असा प्रयोग करते. दोन शब्दांत केवढे अंतर आहे पाहा. पश्चात्ताप म्हणजे मागून होणारा ताप, झालेल्या कृत्याची जळजळ. मन फिरवणे म्हणजे दिशा बदलणे. त्यात जळजळीचा उल्लेखच नाही. मूळ ग्रीक ‘मेटानोइया’ हा मनाचा, बुद्धीचा पालट सांगतो. त्यामागे संदेष्ट्यांचा हिब्रू ‘शूब’ आहे, आणि त्याचा सरळ अर्थ माघारी वळणे, परत येणे. शब्दार्थाच्या दृष्टीने हिंदी अनुवाद येथे अधिक जवळ आहे, हे मराठी वाचकाने मोकळ्या मनाने मान्य करावे.

मराठी शब्द चुकीचा आहे असे यावरून ठरत नाही. संतवाङ्मयात अनुतापाला मोठे स्थान आहे. अनुतापावाचून परमार्थाचे दार उघडत नाही, ही भावना मराठी मनात खोल रुजलेली आहे. परंतु दारात शिरणे वेगळे आणि दारातच बसून राहणे वेगळे. कित्येक भाविक माणसे आयुष्यभर दारात बसलेली आढळतात. तरुणपणी एखादी चूक घडलेली असते. तिचा ताप ती वर्षानुवर्षे जपतात आणि या तापालाच धर्म समजतात. आपण जितके अधिक जळू तितके देवाच्या जवळ जाऊ, असे त्यांना वाटते. घरातील माणसांनाही त्या धगीची झळ लागते. अशा माणसाला शास्त्रातील शब्दाचा अर्थ नीट सांगणे ही पांडित्याची हौस नव्हे. त्याच्या उरलेल्या आयुष्याचा तो प्रश्न असतो.

नव्या करारातील दोन माणसे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहावी. यहूदाने गुरूला धरून दिले; पेत्राने गुरूला ओळखत नाही असे तीनदा सांगितले. दोघेही व्याकूळ झाले. यहूदाने चांदीची नाणी परत नेऊन टाकली, अपराध तोंडाने कबूल केला. तापाच्या मापाने मोजले तर तो कोठेही कमी पडला नाही. तथापि मत्तयाने २७ व्या अध्यायात त्याच्यासाठी ‘मेटानोइया’ हा शब्द योजलेला नाही. तेथील ग्रीक क्रियापद वेगळे आहे. त्याचा अर्थ पस्तावणे, हळहळणे. यहूदाचे मन पोळले, पण वळले नाही. तो आपल्या दु:खासह एकटाच निघून गेला आणि त्याने स्वत:चा अंत केला. पेत्रही ढसढसा रडला. पण तो माघारी आला. योहानाने ही गोष्ट मोठ्या सूचकतेने सांगितली आहे. पेत्राने नाकारले तेव्हा तो महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीपाशी उभा होता. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला भेटतो तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. कोळशाच्या विस्तवाचा तो ग्रीक शब्द सबंध नव्या करारात या दोनच जागी येतो. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदाच प्रेमाविषयी विचारले जाते आणि दर वेळी त्याच्यावर काम सोपवले जाते. जुनी जागा तीच, विस्तव तोच, तोंड मात्र दुसऱ्या दिशेला.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही असेच एक बारीक स्थळ आहे. घरी परतताना मुलगा बापापुढे म्हणावयाचे भाषण मनात तयार करतो. त्याचे शेवटचे वाक्य मजुरांप्रमाणे ठेवून घेण्याची विनंती करणारे असते. प्रत्यक्षात बाप धावत येतो, गळ्यात पडतो. मुलगा भाषण सुरू करतो आणि ते शेवटचे वाक्य येण्यापूर्वीच बाप चाकरांना उत्तम झगा आणण्याची आज्ञा देतो. ते वाक्य बोलले जातच नाही. लूकचा १५ वा अध्याय हातात घेऊन १९ वे आणि २१ वे वचन ताडून पाहावे. हा अर्थ कोणा टीकाकाराने बाहेरून आणून चिकटवलेला नाही.

आणि मन फिरले म्हणजे पुढे काय करावयाचे? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी हाच प्रश्न विचारला होता. लूकच्या तिसऱ्या अध्यायातील त्याची उत्तरे फार साधी आहेत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये. शिपायांनी लोकांना लुबाडू नये, पगारात समाधान मानावे. त्याने कोणाला उपास सांगितला नाही, धंदा सोडून रानात येण्यासही सांगितले नाही. दुकानदाराचे मन फिरले की त्याच्या तराजूत ते दिसावे, असे त्याचे म्हणणे.

शब्दाकडे असे थांबून पाहण्याने माणसाचे काय होते, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास निघाले असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळक तो टीकाकाराच्या वृत्तीने वाचू लागले आणि मत्तयाच्या ५ ते ७ या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशी अडून बसले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टिळकांना तो ग्रंथ नवा होता, म्हणून प्रत्येक शब्द त्यांना अडवू शकला. जन्मापासून ख्रिस्ती असलेल्याला ते नवेपण मुद्दाम मिळवावे लागते.

शेवटी एक असा शब्द, ज्याच्या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. मराठीत शेजारी, हिंदीत पड़ोसी. शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीती करावी ही आज्ञा कोणाला ठाऊक नाही? आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्टही सर्वांस तोंडपाठ. ती इतकी पाठ आहे की शोमरोनी म्हणजे दयाळू माणूस, असाच अर्थ होऊन बसला आहे. ज्यांनी ती प्रथम ऐकली त्यांना हा अर्थ अशक्य होता. यहूदी यरुशलेमला भजत, शोमरोनी गरिज्जीम डोंगरावर. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहूदी सत्ताधीश योहान हिर्कानस याने गरिज्जीमचे मंदिर पाडले होते. तेढ पिढ्यांची होती. एवढेच कशाला, लूकचा त्याआधीचा, म्हणजे ९ वा अध्याय उघडावा. शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरावयास जागा नाकारली आणि त्या गावावर आकाशातून अग्नी पडावा अशी इच्छा दोघा शिष्यांनी बोलून दाखवली. येशूने त्यांना धमकावले. ते गाव, तो अपमान आणि ती आगीची भाषा ताजी असतानाच, पुढल्या अध्यायात, त्याने आपल्या गोष्टीचा नायक शोमरोनी केला.

पांढुर्ण्याच्या माणसाला ही गोष्ट समजण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव, अशी गोटमार होते. एरवी वर्षभर दोन्ही काठांचा बाजार एक, शेतीभाती एक, सोयरीकही होते. त्या एका दिवशी मात्र पलीकडून दगड येत असतो, आणि दरवर्षी माणसे जखमी होतात. यहूदी व शोमरोनी यांचे वैर असे एका दिवसाचे नव्हते. ते बारमाही होते. त्या वैरातील पलीकडच्या काठाचा माणूस नदी ओलांडून येतो, घायाळाच्या जखमांत तेल व द्राक्षारस घालतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे मोजतो, अशी ही कथा आहे.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा तो रस्ता सुमारे २५ किलोमीटरांत जवळजवळ एक हजार मीटर खाली उतरतो. निर्जन आणि खडकाळ. याजक त्या वाटेने खाली जात होता, असे लूक लिहितो. खाली म्हणजे यरुशलेमकडून. मंदिरातील सेवेला जावयाचे होते, विटाळ परवडला नसता, अशी सबब त्याच्यासाठी काढण्यात येते. त्या एका शब्दाने ती लंगडी पडते.

गोष्ट सांगून झाल्यावर येशू शास्त्र्याचा प्रश्नच उलटा करतो. शास्त्र्याने विचारले होते, माझा शेजारी कोण. म्हणजे प्रीतीची हद्द कोठपर्यंत आखावी. येशू विचारतो, त्या घायाळाचा शेजारी कोण झाला. शास्त्री विद्वान आहे, उत्तर चुकत नाही. ज्याने दया केली तो, असे तो सांगतो. शोमरोनी हा शब्द उच्चारणे मात्र त्याच्या जिवावर येते, आणि गोष्ट संपेपर्यंत तो शब्द त्याच्या तोंडून निघत नाही.